चाकं जाम, इंजिन बंद आणि सहाशे किलोमीटर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. रेकॉर्डिंग करताना मी दोनदा विषय सोडून भलतीकडे गेलो होतो. त्यातलं एक भरकटणं कापलं, दुसरं नेपाळपर्यंत गेलं होतं, ते ठेवलंय.

सुरुवात एका फोननं झाली. इंदूरहून मोठे काका बोलत होते. "अरे, घराचा सौदा झाला. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला चावी द्यायची. मागची गाडी न्यायची असेल तर ने बाबा, नाहीतर कबाडी अठरा हजार देतोय."

मागची गाडी म्हणजे आजोबांची फियाट. १९७० सालची, ११०० डिलाइट. रामबागेतल्या घराच्या मागच्या अंगणात ती अठरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. लहानपणी सुट्टीत गेलो की मी तिच्यात बसून तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचो, त्यामुळे माझ्या लेखी ती चालूच होती. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "कशाला हवं ते धूड?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आजोबा गेल्यावर त्या घरावरून बाबा आणि काका यांच्यात बिनसलं. मी कॉलेजात होतो तेव्हापासून दोघं बोलतात ते फक्त लग्नकार्यात, तेही मधे तिसरा माणूस घेऊन. म्हणजे गाडी आणायची तर ती मलाच, दोन्हीकडचं ऐकून घेत.

मी काय केलं असेल? तुम्ही जे कराल तेच. मोबाईल काढला, 'इंदूर ते पुणे कार ट्रान्सपोर्ट' टाकलं, आणि पाच मिनिटांत चौदा हजारांचा आकडा हातात. एवढं सोपं? मग फोनवर मी प्रामाणिकपणे सांगितलं, "दादा, गाडी स्टार्ट होत नाही." पलीकडे शांतता. मग प्रश्न आला, "रोलिंग आहे का?"

हा शब्द लक्षात ठेवा. बंद गाड्यांच्या दुनियेत इंजिनाला फारशी किंमत नाही. चाकं फिरतात का, स्टीअरिंग वळतं का, ब्रेक सुटलेत का, एवढंच बघतात. हे तीन असतील तर गाडी ढकलता येते, ओढता येते, म्हणजे ती 'रोलिंग'. नसतील तर ती गाडी नाही, नऊशे किलोंचा लोखंडी ठोकळा. आमची दुसऱ्या जातीतली निघाली आणि चौदाचे सव्वीस हजार झाले.

आता थोडा इतिहास, कारण मला खरी मजा तिथे सापडली.

आपल्याला वाटतं गाडी म्हणजे चालणारी वस्तू. पण भारतात मोटारीचा प्रवास बराच काळ सामान म्हणूनच सुरू व्हायचा. १९२८ मध्ये जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला कारखाना टाकला. कारखाना म्हणजे जोडणीची शेड. गाड्या बोटीतून सुट्या भागांत, लाकडी खोक्यांत यायच्या. शिवडीत खोकी फोडायची, नटबोल्ट आवळायचे, आणि मग ती पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर उभी राहायची. तोवर तिनं अर्धी पृथ्वी ओलांडलेली असायची, एक थेंब पेट्रोल न जाळता.

श्रीमंतांच्या गाड्यांचंही तसंच. इंदूरचा विषय आहे तर होळकरांना टाळून कसं चालेल? यशवंतराव होळकर दुसरे हे गाड्यांचे जबरदस्त शौकीन. १९३० च्या दशकात त्यांनी अमेरिकेतली ड्यूसेनबर्ग मागवली, त्या काळातली बहुधा सगळ्यात दिमाखदार मोटार. ती इंडियानापोलिसच्या कारखान्यातून निघाली ती फक्त चेसी म्हणून, म्हणजे सांगाडा आणि इंजिन. दार नाही, छत नाही. तो सांगाडा समुद्र ओलांडून लंडनला गर्नी नटिंग या कारागिरांकडे गेला. तिथे त्यावर दोन माणसांची लांबलचक बॉडी चढली, काळ्या आणि भगव्या रंगात. महाराजांची गाडीसुद्धा आयुष्यातला पहिला मोठा प्रवास कुणाच्या तरी क्रेनला लटकून करते, हे मला फार आवडलं.

आमची फियाट मात्र कुर्ल्याची. तिच्यामागे सोलापूरचा माणूस आहे, वालचंद हिराचंद. जन्म १८८२. फाटक नावाच्या भागीदाराबरोबर रेल्वेची कंत्राटं घेत त्यांनी सुरुवात केली आणि पुढे जहाजं, विमानं, मोटारी या तिन्हींत हात घातला. तिन्ही एका जागेहून दुसरीकडे नेणारी साधनं, आणि तिन्हींत इंग्रज सरकार फार उत्साही नव्हतं. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, १९४७ मध्ये कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या अमेरिकन क्रायस्लर कुटुंबातल्या होत्या. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५० च्या दशकात ती गोलमटोल ११०० आली, पुढचं दार उलट्या बाजूनं उघडणारी. मुंबईकरांनी तिला नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'. कंपनीनं जाहिरातीवर कितीही खर्च करावा, लोकांनी ठेवलेलं नावच टिकतं.

१९६४ नंतर आली ती डिलाइट, आपल्या ओळखीचा चौकोनी चेहरा. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. हीच मुंबईची काळीपिवळी. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ मध्ये झाली, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. तुमच्यापैकी अनेकांनी तेव्हा स्टेटस ठेवले होते. मीही ठेवला होता, हे माहीत असताना की घरची फियाट इंदुरात सडतेय.

त्या काळी गाडी दुकानात जाऊन विकत घेता येत नसे. कारखान्यांना किती गाड्या बनवायच्या याचा परवाना सरकारकडून लागायचा, त्यामुळे नाव नोंदवा आणि वर्षानुवर्षं थांबा. आजोबा सहा वर्षं थांबले होते, असं घरात सांगतात. नंबर लागल्यावर ते स्वतः मुंबईला गेले, एक ड्रायव्हर बरोबर घेतला आणि आग्रा रोडनं दोन दिवसांत गाडी इंदूरला आणली. नाशिक, मालेगाव, धुळे, सेंधव्याचा बिजासन घाट, मग नर्मदा. काका आणि बाबा दोघं तेव्हा शाळकरी होते आणि दोघंही कोपऱ्यावर सकाळपासून उभे होते. हे मला काकांनी सांगितलं. बाबांनी कधीच नाही.

बरं, इंदूरला पोचलो. ताडपत्री काढली. उंदरांनी मागची सीट खाल्लेली, चारही टायर बसलेले, डाव्या बाजूचा फ्लोअर हातानं दाबला तर बिस्किटासारखा तुटत होता. पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक अजिबात हलेना.

पहिला ट्रान्सपोर्टर आला तो बंद कंटेनर घेऊन, विंचशिवाय. विंच म्हणजे तारेचा रहाट, जो गाडी ओढून वर घेतो. फोनवर मी तीनदा सांगितलं होतं की गाडी चालत नाही. ड्रायव्हरनं एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "भैया, ये तो रोलिंग ही नहीं है." मग ऑफिसातून फोन : आठ हजार जास्त, आणि माणसं तुमची. मी नाही म्हटलं. अ‍ॅडव्हान्स गेला तो गेलाच. (नाव सांगणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका.)

त्या संध्याकाळी मी पायरीवर बसलो होतो आणि अठरा हजारांचा कबाडी मला फार समंजस माणूस वाटायला लागला होता. काका बाहेर आले, काही न बोलता चप्पल घातली आणि कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आले. त्यांनी एकेकाळी याच गाडीचं काम केलं होतं. त्यांनी पुढच्या दोन दिवसांत जे केलं, ते नीट सांगतो, कारण कुणाच्या घरी अशी गाडी असेल तर उपयोगी पडेल.

ड्रम ब्रेकमध्ये ब्रेकचे पट्टे आतून ड्रमला दाबले जातात. गाडी वर्षानुवर्षं ओलीत उभी राहिली की पट्टा आणि ड्रम गंजून एकमेकांना चिकटतात. अशी गाडी नुसती ओढली तर चाक फिरत नाही, घासत जातं, आणि काहीतरी तुटतं. मिस्त्रींनी आधी हँडब्रेकची केबल सैल केली. मग गाडी जॅकवर घेऊन चाक काढलं, ड्रमच्या कडेनं गंज सोडवणारं तेल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी लाकडी हातोड्यानं ड्रमच्या भोवती हळूहळू ठोकत राहिले. जोरात नाही. बिडाचा ड्रम असतो, तडकतो. अकरा वाजता टण् असा वेगळाच आवाज आला आणि ते म्हणाले, "छूट गया."

टायरचं म्हणाल तर ते मेलेलेच होते. पण पंक्चरवाल्यानं जुन्या ट्यूब घालून हवा भरली. दोन तास टिकली तरी पुरे होतं, गाडी ट्रकवर चढेपर्यंतचीच गरज. टाकीतलं सडलेलं पेट्रोल काढलं, बॅटरी काढली. चाकांच्या चकत्या, आरसा, मागची बिल्ल्याची पट्टी मी माझ्या सॅकमध्ये टाकली. जुन्या गाडीच्या या वस्तू वाटेत उतरतात आणि बाजारात पुन्हा मिळत नाहीत. चारही बाजूंनी, खालून, आतून फोटो काढले आणि ड्रायव्हरसमोर व्हिडिओ केला.

दुसरा ट्रक उघडा होता, मागे हायड्रॉलिकनं तिरका होणारा, विंचवाला. पुण्याला रिकामा परत चालला होता, म्हणून भावही बावीसवर आला. परतीचा ट्रक शोधणं हा या धंद्यातला सगळ्यात मोठा सवलतीचा मार्ग आहे, फक्त तुमच्याकडे चार दिवस थांबायची सोय हवी.

पण ट्रक गल्लीत येईना. अंगणापासून कोपरा साधारण दोनशे पावलं. मग आम्ही सातजण : मी, काका, मिस्त्री, पंक्चरवाला, समोरच्या घरातली दोन पोरं आणि रस्त्यानं चाललेला एक अनोळखी गृहस्थ, ज्यांनी कुणी न सांगता पिशवी खाली ठेवली आणि हात लावला. दोनशे पावलांना पाऊण तास लागला.

आणि इथे मला तो फोटो आठवला. हेच ते नेपाळचं भरकटणं.

काठमांडूला १९५६ पर्यंत बाहेरून येणारा मोटाररस्ताच नव्हता. पण काठमांडूत मोटारी होत्या! राणा घराण्याच्या राजवाड्यांसमोर परदेशी गाड्या उभ्या असायच्या. त्या आल्या कशा? भारतातून रेल्वेनं रक्सौल, तिथून १९२७ मध्ये सुरू झालेल्या छोट्या रेल्वेनं अमलेखगंज, पुढे भीमफेदीपर्यंत कच्चा रस्ता. तिथे रस्ता संपायचा. पुढे चिसापानी गढीचा चढ, चितलांगचं खोरं, मग दोन हजार मीटरच्याही वरची चंद्रागिरीची खिंड, आणि पलीकडे उतरून थानकोट. ही वाट पायी माणसांची. मालासाठी रोपवे होता, पण त्यात धान्याची पोती मावतात, मोटार नाही.

म्हणून गाडीची चाकं काढायची, तिला लांब बांबूंच्या आणि लाकडांच्या चौकटीवर बांधायचं, आणि डझनावारी हमालांनी ती खांद्यावर घ्यायची. डोंगरावरून. नदीतून. 'नॅशनल जिओग्राफिक'चे छायाचित्रकार फोल्कमार वेन्ट्झेल यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी याचा फोटो काढला : ओढा ओलांडणारी माणसांची रांग आणि त्यांच्या खांद्यांवर, चाकं नसलेली, एक जर्मन मोटार. इंटरनेटवर हा फोटो 'हिटलरनं भेट दिलेली गाडी' अशा मथळ्यानं फिरतो. गाडी कुणी दिली यावर लोक तासन् तास भांडतात. मी फोटो झूम करून बघतो तेव्हा मला पाय दिसतात, बहुतेक अनवाणी. त्यातल्या एकाचंही नाव कुठे छापलेलं नाही.

खोऱ्यात पोचल्यावर चाकं लावायची, आणि मग ती गाडी राजवाड्याच्या आसपासच्या मोजक्या रस्त्यांवर फिरायची. पुढे भारतीय लष्कराच्या इंजिनिअरांनी त्रिभुवन राजपथ बांधला आणि १९५६ मध्ये हे ओझं संपलं.

आमच्या गल्लीतली दोनशे पावलं त्यापुढे काहीच नाहीत, मान्य. तरी हात लावून बघा, नऊशे किलो म्हणजे काय ते कळतं.

कोपऱ्यावर विंचचा हूक लावायची वेळ आली. ड्रायव्हर बंपरला लावणार होता, मिस्त्री ओरडले. या फियाटला वेगळी चेसी नाही, बॉडी हाच सांगाडा. बंपरला ओढलं तर बंपर हातात येतो. त्यांनी स्वतः खाली झोपून पुढच्या सस्पेन्शनच्या मजबूत आडव्या भागाला पट्टा घातला. वर चढल्यावर पट्टे बांधले तेही बॉडीवरून नाही, चाकांवरून, कारण फ्लोअर सडलेला. चाकांमागे लाकडी ठोकळे. आणि गिअर न्यूट्रलला, कारण बंद इंजिनाला गिअरमध्ये अडकवून हादरे द्यायचे नसतात.

कागदांचं थोडक्यात. ट्रकवर चढल्यावर गाडी म्हणजे माल, त्यामुळे तिचं स्वतःचं रजिस्ट्रेशन संपलेलं असलं तरी अडत नाही. पण ती तुमची आहे हे दाखवायला आरसी बुकाची प्रत, ओळखपत्र, मालकाचं पत्र आणि ट्रकची बिल्टी लागते. आमचे मालक म्हणजे आजोबा, ते नाहीत. मग वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, दुसऱ्या राज्यात न्यायची म्हणून एनओसीचा फॉर्म २८. वारस दोन आहेत, त्यामुळे एकाच कागदावर काका आणि बाबा दोघांच्या सह्या हव्या. मी तो कागद काकांपुढे ठेवला. त्यांनी सही केली, खालची मोकळी जागा बघितली आणि पेन टोपण लावून मला परत दिलं.

५० वर्षांपुढच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी विंटेज नोंदणी आहे, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षं चालते. पण अशी गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढंच.

"ट्रेननं का नाही आणली?" हे विचारणारे आहेतच. कारखान्यांच्या नव्या गाड्या रेल्वेनं जातात, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा म्हाताऱ्या प्रवासी डब्यांतून : सीट काढून, खिडक्या बंद करून ते डबे मोटारींसाठी वापरतात. कोकण रेल्वेवर १९९९ पासून कोलाड ते वेर्णा ट्रक वाघिणीवर चढून जातात, २०२५ च्या गणपतीत तिथे खासगी कारही घ्यायला लागले. पण वाघिणीवर गाडी चालवत चढवावी लागते. आमची कोण चढवणार?

ट्रक रात्री निघाला, त्याच जुन्या आग्रा रोडनं. मी ड्रायव्हरशेजारी बसलो, तसं ठरलं नव्हतं, पण मला सोडवेना. खलघाटला नर्मदा ओलांडली तेव्हा त्यानं गाडी बाजूला घेऊन पट्टे पुन्हा आवळले. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये जुने टायर बसतात आणि पट्टे सैल पडतात, असं म्हणाला. बिजासन घाट त्यानं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला. बाहेर काळोख, आणि मागे आजोबांची गाडी, पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी जो घाट स्वतः चढून आली तोच आता पाठीवर बसून उतरत होती. धुळ्याला चहा. मालेगाव, नाशिक, संगमनेर. दुसऱ्या दिवशी दुपारी पुणे.

सोसायटीच्या फाटकाशी सगळे वॉचमन जमले. ट्रक तिरका झाला, विंच सोडत आणली, आणि गाडी अर्ध्यावर अडकली. हादऱ्यांनी कधीतरी गिअर पडला होता. ड्रायव्हर खिडकीतून हात घालून जमिनीवर गिअरचा दांडा शोधत होता. तो पंचविशीचा, त्यानं स्टीअरिंगवरचा गिअर कधी बघितलाच नव्हता. मीही आत हात घालून तो दांडा वर-खाली करत होतो, पण न्यूट्रल सापडेना.

बाबा खाली आले होते, लांब उभे होते. ते पुढे आले, मला बाजूला केलं, काच नसलेल्या खिडकीतून डावा हात घातला, न बघता दांडा थोडा आपल्याकडे ओढला आणि मधे आणून सोडला. गाडी सरकली.

गाडी खाली टेकली तेवढ्यात माझा फोन वाजला. काका. "पोचली का?" मी काही बोलायच्या आधी बाबांनी हात पुढे केला. मी फोन दिला. बराच वेळ दोघंही गप्प होते. मग बाबा म्हणाले, "मागचं डावं चाक अजून घासतंय रे. कुणी बसवलं होतं?"

सहीचा कागद माझ्या सॅकमध्ये आहे, चाकांच्या चकत्यांखाली. संध्याकाळी काढेन.